जहाजाच्या बॅगेत सगळ्यात वर

माझ्या मैत्रिणींनी एलटीसीच्या प्रवास सवलतीवर तिरुपती केलं, काश्मीर केलं, एकीनं तर घरी बसून नुसतीच रजा खाल्ली. मी म्हटलं, मी जहाजात बसणार. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते. तेव्हा एसटीडीचे पिवळे बोर्ड गल्लोगल्ली लागायला लागले होते, हातानं कॉल जोडायच्या आमच्या ट्रंक बोर्डाचं पुढं काय होणार याची चर्चा रोज डब्याच्या सुट्टीत व्हायची. मी मनात म्हटलं, बोर्ड जाईल तेव्हा जाईल, आधी समुद्र बघून घेऊ. गावातले एक सहलवाले कोचीनहून जहाजानं लक्षद्वीपला न्यायचे. मी नाव घातलं आणि मग घरी सांगितलं. उलटं केलं असतं तर आजपर्यंत विचारतच बसले असते.

घरात आम्ही चौघं. मी, आमचे हे, तेरा वर्षांची आमची मुलगी आणि आत्याबाई. सासूला आमच्या भागात आत्याबाई म्हणतात. ह्यांनी नेहमीप्रमाणं आधी आईच्या तोंडाकडं बघितलं. आणि आत्याबाई चक्क म्हणाल्या, मी येनार. आम्हाला वाटलं होतं त्या घर राखतील. पण त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, कृष्णाकाठच्या गावातल्या, पाण्याची त्यांना भारी ओढ. फक्त त्यांची एक अट होती. त्यांच्या गावात पूर आला की बायका नदीची ओटी भरायच्या, नावेत पाय ठेवायचा तर आधी नारळ द्यायचा. मग एवढ्या मोठ्या समुद्रावर जायचं आणि त्याची ओटी भरायची नाही, म्हणजे काय! खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू सगळं बरोबर न्यायचं ठरलं. ओटी भरायला सवाष्ण लागते आणि आत्याबाईंचं कुंकू मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेलं. म्हणजे ओटी माझ्या हातानं भरायची.

इथंच ठिणगी पडली. कारण माझी पाळीची तारीख आत्याबाईंना माझ्यापेक्षा पाठ. त्यांनी बोटांवर मोजलं, परत मोजलं आणि ह्यांना म्हणाल्या की नेमकी जहाजातच येती बग हिला.

आता हे जे गोळ्यांचं प्रकरण आहे ना, ते आमच्याकडं घरोघरी आहे. गौरी आल्या, गोळ्या घ्या. सत्यनारायण आहे, गोळ्या घ्या. नणंदेचं लग्न, घराची वास्तुशांत, दिराच्या मुलाचं बारसं, गोळ्या घ्या. पाळी पुढं ढकलायची, देवाचं उरकायचं. मेडिकलवाल्याला चिठ्ठीसुद्धा लागायची नाही, आमचे हे जाऊन सर्दीच्या गोळ्या आणाव्यात तशा आणायचे. लग्नापासून मी त्या किती खाल्ल्या त्याला गणती नाही. आणि नंतर जे व्हायचं ते माझं मला माहीत. पुढं ढकललेलं सगळं व्याजासकट यायचं. नणंदेच्या लग्नानंतर मी एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले होते, कराडचा कॉल जोडता जोडता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि खुर्चीवरनं खालीच गेले. मैत्रिणींनी रिक्षात घालून मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी असं झापलं म्हणता! म्हणाल्या, ह्या काय लिमलेटच्या गोळ्या आहेत का? घरी येऊन सांगितलं तर आत्याबाई म्हणाल्या, देवाचं कार्य निर्विघ्न झालं का न्हाई. झालं होतं. माझं तेवढं सोडून बाकी सगळं निर्विघ्न झालं होतं.

तरी खरं सांगते, या वेळीही मी घेतल्या असत्या. सवय लागते माणसाला. थोडी कुरकुर केली असती आणि गिळल्या असत्या.

सहलीआधीच्या रविवारी सहलवाल्यांनी सगळ्यांना बोलावून काय काय बरोबर घ्यायचं ते सांगितलं. टूथब्रश, साबण, टॉवेल दोन, उलटीच्या गोळ्या. मग घसा खाकरून म्हणाले की जहाजावरच्या संडासात पाणी असतं, पण जपून वापरायचं, कधी कधी येत नाही, तेव्हा तिथं कागद असतो. तो पुरेल याची खात्री नाही, तर एखादं भेंडोळं आपलं आपण घ्या. मागनं एक आजोबा म्हणाले, म्हणजे नुसत्या कागदानं? आणि सहलवाल्यांनी जी मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही.

घरी उंबऱ्यात आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, कागुद म्हंजी इद्या. त्यांचं खरंच होतं. आमच्याकडं कागदाला पाय लागला तर वाकून पाया पडतात. त्या स्वतः शाळेत गेल्या नव्हत्या, म्हणून तर त्यांना कागदाचं जास्त. किराण्याच्या पुडीवर अक्षर असलं तरी ती चुलीत घालायच्या नाहीत, घडी करून फळीवर ठेवायच्या. अशा बाईला कागदानं पुसा म्हणायचं म्हणजे काय! त्यांनी सरळ माळ्यावरनं पितळी तांब्या काढला, चिंचेनं घासला आणि बॅगेच्या तळाशी ठेवला. मग विचार करून दुसरा काढला. मग प्रत्येकाला एक, असे चार तांब्ये बॅगेत जाऊन बसले. मी म्हटलं, आत्याबाई, तांब्या घेतला तरी त्यात पाणी कुठनं आणणार? त्यावर त्या म्हणाल्या की समुद्रावर चाललोय आन पानी मिळंना व्हय?

पण रद्दीचे कागद घ्यावेच लागणार होते. वापरलेली पॅड गुंडाळून टाकायला. मुलीला त्याच वर्षी पाळी सुरू झाली होती, आणि मी आयुष्यभर जुन्या साडीच्या घड्या वापरल्या, त्या दोरीवर दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवल्या, ते तिच्या नशिबी नको म्हणून तिला पहिल्यापासून विकतची पॅड आणली होती. जहाजात तर कुठं धुणार आणि कुठं वाळत घालणार, म्हणून या वेळी मीही पॅडच घेणार होते. सहलवाल्यांच्या बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलंही होतं की कमोडमध्ये काही टाकू नका, तुंबतं, कागदात गुंडाळून डब्यात टाका. आत्याबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी रद्दीचा गठ्ठा पुढं ओढला आणि पान पान बघायला बसल्या. देवाचा फोटो असलेलं पान बाजूला. महाराजांचा फोटो असलेलं बाजूला. कुणाची तेराव्याची जाहिरात असली तर तेही बाजूला, मेलेल्या माणसाला कशाला त्रास. होता होता गठ्ठ्यात काही उरेच ना. मग त्या उठल्या, कोपऱ्यावरच्या वकिलाच्या घरी गेल्या आणि इंग्रजी पेपरची ही एवढी थप्पी घेऊन आल्या. म्हणाल्या, ही घ्या. हे काय आपलं न्हवं.

मुलगी खुदकन हसली. म्हणाली, आजी, मी इंग्रजी शाळेतच जाते की. इंग्रजी पण विद्याच. आत्याबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, ती पोटापान्याची. पाया पडायची न्हवं. एवढी ठाम उत्तरं मी तर कलेक्टर कचेरीतसुद्धा ऐकली नाहीत. आम्ही तिघी त्या दिवशी खूप हसलो, आणि मला वाटलं, चला, सहल बरी होणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ड्यूटीवरनं आले, तर कॉटवर उघड्या बॅगेशेजारी मेडिकलची पुडी. ह्यांनी आणलेली. मी उचलली आणि माझ्या लक्षात आलं की नेहमीपेक्षा गोळ्या जास्त आहेत, दुप्पट. मी ह्यांना विचारलं, एवढ्या कशाला? हे चपला काढत होते. वर न बघता म्हणाले, आई म्हणाली पोरीलापण लागतील. तिचं अजून तारखेचं नीट बसलेलं नाही, कधीही येईल. जहाजात एकाच खोलीत चौघं, तिथं आईला कुठं शिवाशिव पाळता येणार? गोळीच तर आहे.

गोळीच तर आहे! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की बस. माझ्या तोंडात जे जे घातलं ते मी गिळलं, एक्स्चेंजच्या फरशीवर पडले, तरी उठून दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पण ही तेरा वर्षांची पोर. हिचं शरीर अजून स्वतःचं घड्याळ लावून बघतंय, आणि हे निघाले त्याचे काटे ओढायला. का तर म्हणे खोलीत विटाळ नको. मी ती पुडी घेतली, सरळ मोरीत गेले आणि एकेक गोळी फोडून पाण्यात सोडली. पोर दारात उभी राहून बघत होती. बोलायचं होतं ते बाहेरच्यांना होतं.

बाहेर येऊन मी सांगितलं की पोरगी गोळी घेणार नाही. मीपण घेणार नाही. आलं तर येईल.

आत्याबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, मग वटी कोन भरनार? मी म्हटलं, मी. मला असली तरी आणि नसली तरी. त्यांच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. मग म्हणाल्या की घरी चार दिवस बाजूला बसतीस, तिथं कुठं बसशील? मीपण काही कमी नव्हते. म्हटलं, तिथं बाजूला म्हणजे पाणीच. समुद्रात बसू का? हे मध्ये पडायला आले, तर त्यांना आम्ही दोघींनी एकदमच गप बसवलं. एवढ्या एका बाबतीत आमचं त्या दिवशी एकमत होतं.

आत्याबाई म्हणाल्या, मग मी येत न्हाई. मी म्हटलं, तुमची मर्जी. तिकीट माझ्या नावावर आहे.

सासूला असं तोंडावर मी कधी बोलले नव्हते. पण बोलल्यावर कळलं की घराचं आढं काही डोक्यावर पडत नाही. मग मी तशीच पिशवी घेऊन मारुती रोडला गेले, पॅडचे चार पुडे मागितले. दुकानात पाचसहा पुरुष उभे. दुकानदारानं सवयीनं आधी पेपरात गुंडाळायला घेतले, मग काळी पिशवी काढली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं आपलं सगळं! चोरीचा माल असल्यासारखं. मी म्हटलं, राहू दे, गुंडाळू नका. तो म्हणाला, ताई, असंच? मी म्हटलं, असंच. बिस्किटाचे पुडे तुम्ही काळ्या पिशवीत देता का? आणि ते चार पुडे हातात धरून मी मारुती रोडनं घरापर्यंत चालत आले. रस्त्यात ह्यांच्या ओळखीचे दोघं भेटले, बोलायला थांबले, पुडे बघितले आणि त्यांना एकदम महत्त्वाची कामं आठवली. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

घरी आल्यावर ते पुडे मी बॅगेत सगळ्यात वर ठेवले. साबण, पावडर, दंतमंजन, चार तांब्ये, सगळं खाली. आत्याबाईंनी येता जाता बघितलं आणि दोनदा वर टॉवेल टाकला. मी दोनदा काढला. शेवटी त्या टॉवेल टाकायच्या थांबल्या. निघायच्या दिवशी सकाळी बघते, तर त्या नवी नऊवारी नेसून, ओटीचं सामान मांडीवर घेऊन दाराशी बसलेल्या. मिरजेला गाडीत बसलो तेव्हा खिडकी त्यांनी पकडली.

रेल्वे बदलत बदलत कोचीनला पोचलो. जहाज बघून आत्याबाईंनी हात जोडले, मग आत शिरल्यावर खोली बघून नाक मुरडलं. वर दोन, खाली दोन अशा फळ्या, मध्ये एक माणूस उभं राहील एवढी जागा. पाणी मात्र छान येत होतं. चारही तांब्ये तसेच बॅगेत राहिले आणि बॅग उचलणाऱ्या ह्यांचा खांदा तेवढा धरला. नंतर बोट लागून हे जे आडवे झाले ते झालेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आली. तारीख चुकवायची नाही, ही माझी नोकरीतली सवय शरीरालाही असावी. मुलीला त्या सहलीत काही झालंच नाही, जाताना नाही आणि येतानाही नाही. तिला ज्या गोळ्या खायला घालणार होते त्या कशासाठी, ते त्या समुद्रालाच ठाऊक. मी पॅड घेतलं, वापरलेलं इंग्रजी पेपरात गुंडाळून डब्यात टाकलं आणि खोलीत आले. तर आत्याबाई आंघोळ करून, ताटात खण, नारळ, तांदूळ मांडून तयार. म्हणाल्या, चल, वटी भरू.

खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळणार होतं? असलं खोटं बायका बोलतातच. पण वरच्या फळीवरनं पोर माझ्याकडं बघत होती, आणि मी खोटं बोलले असते तर ती तेच शिकली असती.

मी म्हटलं, आत्याबाई, मला आलीय.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ताट उचललं आणि बाहेर गेल्या. मी आणि मुलगी मागं मागं गेलो. डेकवर वारं असं की पदर सावरेना. आमच्या सहलीतल्या दोन बायका कठड्याशी उभ्या होत्या, दोघी सवाष्णी. आत्याबाई त्यांच्याकडं निघाल्या. मला वाटलं, झालं, आता ह्या त्यांच्या हातनं भरून घेणार आणि सांगलीभर सांगणार. अर्ध्या वाटेत त्या थांबल्या. ताट हातात, समोर नुसतं पाणीच पाणी, आणि त्या उभ्याच. मग तशाच मागं फिरल्या, कठड्यापाशी आल्या, ताट खाली ठेवलं. मला वाटतं माझ्याशी बोलत नव्हत्या, पण ऐकायला मीच होते.

"कपाळ पुसलं तवा हात न्हवतं पुसलं माजं," त्या म्हणाल्या. "ह्याच हातांनी समद्यास्नी रांधून घातलं. तवा कुनी न्हाई म्हनलं न्हाई."

आणि त्यांनी कठड्याला हळद लावली. कुंकू लावलं. आमच्या घरातली प्रत्येक ओटी या बाईनं इतकी वर्षं दाराआडनं बघितली होती, हळदीकुंकवाला बायका जमल्या की ती आपली आत पाणी भरत बसायची. पण हात कुठं अडखळला नाही. खणाची घडी, त्यावर तांदूळ, त्यावर नारळ, सगळं जिथल्या तिथं रचून त्यांनी कठड्याबाहेर पाण्यावर धरलं. इतकी वर्षं मी या बाईवर चिडले, तिनं माझं काय केलं तेवढंच मोजत बसले, तिचं काय केलं होतं लोकांनी ते कधी विचारलंच नाही.

मुलीनं हळूच विचारलं, आजी, मी येऊ? आत्याबाई म्हणाल्या, ये. पोर जाऊन शेजारी उभी राहिली, नारळाला एक हात लावला. मीही पुढं झाले.

"तू न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "तू तिथंच ऱ्हा."

घ्या! आत्ताच डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिथल्या तिथं आटलं. स्वतःच्या दाराची कडी काढली बाईनं, आणि त्याच हातानं माझ्या दाराला लावली. मी थांबले नाही. जाऊन पोरीच्या बाजूनं नारळाखाली हात घातला, आत्याबाईंच्या हाताला माझा हात लागला, त्या दचकल्या.

"तुमचा हात चालतो, तर माझाबी चालतो," मी म्हटलं. "आणि हिचाबी, कुठल्याबी दिवशी."

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी नजर काढली नाही आणि हातही काढला नाही. जहाज हलत होतं, पोर एकदा आजीकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती, आणि तो नारळ तसाच तिघींच्या हातांत.

"मग सोड की आता," आत्याबाई म्हणाल्या. "हात अवघडला माजा."